डायलिसिसने डोकं जातं?

‘डायलिसिस लावलं की माणूस भ्रमिष्ट होतो, म्हणून टाळा,’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आणि घातक आहे. १९७०च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियममुळे काही रुग्णांना खरंच स्मृतिभ्रंश झाला होता. आता आरओचं शुद्ध पाणी वापरतात. विसरभोळेपणा या रुग्णांत आजही बराच दिसतो, ते नाकारत नाही. पण त्यामागे बहुतेकदा मधुमेह, रक्तदाब, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांची झीज, रक्तक्षय असतो. चार तास मशीनवर असताना बीपी घसरलं तरी मेंदूला रक्त कमी पडतं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत जास्त पाणी प्यायलं, तर मशीनला ते झपाट्याने काढावं लागतं आणि बीपी घसरतं; म्हणून पाणी मोजूनच प्यावं. उलट डायलिसिस टाळलं तर रक्तात साचलेली विषारी द्रव्यंच गुंगी आणतात, बरळायला लावतात. औषधांचा हिशेब किंवा महत्त्वाचं बोलणं मात्र डायलिसिस चालू असताना नको, दुसऱ्या दिवशी करा.