उंट, शेळ्या आणि हडूप: एका प्रतिक्रियेला उत्तर

हडूप, म्हणजे प्रचंड डेटा अनेक मशीनवर वाटून साठवणारं आणि त्यावर हिशेब करणारं सॉफ्टवेअर, यावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं: हडूप केव्हाच मेलं, सगळे स्पार्कवर (अशाच हिशेबाच्या नव्या सॉफ्टवेअरवर) गेले, एचडीएफएसचा (हडूपच्या साठवणुकीचा) ब्लॉक, म्हणजे फाइलीचा तुकडा, ६४ नव्हे, १२८ एमबीचा असतो, मी शफलबद्दल (हिशेबाच्या मधल्या टप्प्यात मशीन-मशीनमध्ये होणाऱ्या डेटाच्या अदलाबदलीबद्दल) अवाक्षर काढलेलं नाही, उदाहरणातला ४० जीबी डेटा एका बऱ्या मशीनवर मावतो, त्याला क्लस्टर (एकत्र जोडलेल्या मशीनचा ताफा) कशाला, आणि एकूण लेख म्हणजे 'उंटावरून शेळ्या हाकणं', लेखकाने क्लस्टरला कधी हात लावलेला दिसत नाही.

ब्लॉकचं आधी मिटवतो. बरोबर आहे. हडूप १ मध्ये ६४ होता, हडूप २ पासून १२८ झाला. जुन्या सवयीने लिहून गेलो, आता दुरुस्त केलं आहे. चूक दाखवली की मी कबूल करतो, एवढं तरी आपण कबूल कराल.

आता शेळ्या. चूक काढायला ना नाही, पण ती काढताना लिहिणाऱ्याची लायकी काढल्याशिवाय आपल्याकडे प्रतिक्रिया पुरी होत नाही की काय? टोपणनावाआडून असं लिहायला काही लागत नाही. मी माझ्या नावाने लिहितो.

आणि हात लावण्याचं म्हणाल तर ऐका. २०१३ साली मी हिंजवडीत एका टेलिकॉम कंपनीच्या कॉल रेकॉर्डच्या कामावर होतो. प्रत्येक स्विचकडून (कॉल जोडणाऱ्या यंत्राकडून) दर काही मिनिटांनी एक फाइल यायची, दोनशे-तीनशे केबीची. आम्ही ती जशीच्या तशी एचडीएफएसमध्ये टाकत गेलो. दोनशे केबीची फाइल डिस्कवर दोनशे केबीच घेते (एचडीएफएस सुरक्षिततेसाठी जादा प्रती ठेवतं, ते सोडा), १२८ एमबी नाही. म्हणून कुणाला काळजी नव्हती. पण फाइल कुठे आहे, तिचे ब्लॉक कोणते, हे सगळं नेमनोड, म्हणजे फाइलींची नोंदवही सांभाळणारा मुख्य नोड, स्वतःच्या मेमरीत धरून बसतो. प्रत्येक फाइल आणि प्रत्येक ब्लॉक यांची नोंद ढोबळमानाने दीडशे बाइट. म्हणजे एक कोटी बारक्या फाइलींना साधारण तीन जीबी. आमच्या साडेचार कोटींवर गेल्या होत्या, आणि नेमनोडचा हीप (त्याला वापरायला दिलेली मेमरी) सोळा जीबी. करा हिशेब.

गणपतीच्या दिवसांत एका रात्री नेमनोड गार्बेज कलेक्शनमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करण्यात) असा अडकला की एकही जॉब हलेना. डेटानोड, म्हणजे प्रत्यक्ष डेटा ठेवणारी मशीन, सगळे धडधाकट, डिस्क निम्म्या रिकाम्या, आणि क्लस्टर ठप्प. घरी आरती, मी ऑफिसात. पुढचे आठ दिवस बारक्या फाइली तासातासाच्या मोठ्या फाइलींत जोडत बसलो होतो. डग कटिंगने हडूपला आपल्या मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीचं नाव दिलं, हे तुम्हाला माहीत असेलच. तेव्हा साहेब, मी उंटावर नव्हतो. हत्तीच्या पायाखाली होतो.

'हडूप मेलं' हेही असंच सहज फेकलेलं वाक्य. मेलं म्हणजे काय मेलं? हडूप म्हणजे साठवणुकीला एचडीएफएस, मशीनची वाटणी करायला यार्न आणि हिशेबाला मॅपरिड्यूस. यातलं मॅपरिड्यूस आज कुणी नव्याने लिहीत नाही, मान्य. स्पार्कने जागा घेतली ती त्याची. स्पार्ककडे स्वतःचं कोठार नाही. डेटा दुसरीकडून आणावा लागतो, आणि कितीतरी ठिकाणी तो एचडीएफएसमधूनच येतो, वर स्पार्क चालतो यार्नवर.

तुम्ही २०१४ च्या सॉर्टिंगच्या विक्रमाचा दाखला दिलात. दाखला खरा आहे. १०० टीबी डेटा स्पार्कने २०६ मशीनवर २३ मिनिटांत क्रमाने लावला. हडूपला त्याआधी २१०० मशीन आणि ७२ मिनिटं लागली होती. पण त्यावरून 'सगळं मेमरीत, म्हणून वेगवान' असा निष्कर्ष काढलात, तिथे पाय घसरला. त्या विक्रमात स्पार्कचं मेमरीतलं कॅशिंग (डेटा मेमरीत धरून ठेवणं) वापरलंच नव्हतं. डेटा डिस्कवर होता, आणि डिस्कवर कशात? एचडीएफएसमध्ये. मेलेल्याच्या खांद्यावर बसून शर्यत जिंकलेली दिसते! शिवाय स्पार्कच्या मशीनना एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) होत्या, हेही तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. आणि स्पार्कचं ते 'शंभरपट वेगवान' मिरवलं जायचं ते लॉजिस्टिक रिग्रेशन या सांख्यिकी पद्धतीपुरतं, जिथे तोच डेटा पुन्हा पुन्हा फिरवायचा असतो. महिनाअखेरचं बिलिंग एकदाच वाचून एकदाच लिहायचं असेल तर शंभरपट कुठून येणार?

क्लाउडमधल्या साठवणुकीचाही मुद्दा काढला होतात. तो वेगळा विषय आहे, इथे नको. ४० जीबीचं म्हणाल तर उदाहरण उदाहरणासारखंच घ्यायचं असतं. गणितात रामकडे पाच आंबे असतात तेव्हा आपण त्याला बाजारभाव विचारत नाही.

असो. आवाज थोडा चढला असेल, सुरुवात माझ्याकडून झाली नव्हती. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख शफलवर येतो आहे. तो आधीपासूनच ठरला होता, तुमच्या सांगण्यावरून नव्हे.