‘गावठी ज्ञान’ म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब (नाव लिहिलं नाही तुम्ही, म्हणून साहेबच म्हणतो),

सर्दी-खोकल्याच्या तापात नाडी मोजण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘एका डिग्रीला दहा ठोके हा हिशोब फसवा आहे. कोविडमध्ये कितीकांची नाडी तापाच्या मानाने वाढतच नव्हती. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचीही वाढत नाही. असलं गावठी ज्ञान वाटू नका.’

एक बारीक चूक कबूल. डिग्री कोणती ते लिहायचं राहिलं. ठोके साधारण आठ-दहाने वाढतात ते सेल्सिअसच्या एका डिग्रीला. आमच्याकडे घरोघरी थर्मामीटर फॅरनहाइटचे, त्याची डिग्री लहान, तिला साडेपाचच ठोके. म्हणजे १०३ तापाला (नेहमीच्या ९८.६ पेक्षा ४.४ डिग्री वर) कोणी ४४ ठोके जास्त धरले असतील, तर त्यांनी २४ धरावेत. झालं समाधान?

आता ‘गावठी’. समुद्रपूर तालुक्यात ३१ वर्षं आरोग्यसेवक होतो मी. वणेला पूर असताना सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे गेलोय. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, पंधरा सेकंदांची चौपट करायची नाही, हे ट्रेनिंगमध्ये शिकलो. लेकरू रडत असताना मोजायचीच नाही, हे एका मायनं शिकवलं, रागावून. तिला काय म्हणाल, गावठी?

२०२१ च्या एप्रिलात माझ्याच आईला ताप. पॅरासिटामॉलनं ९९ वर आला, नाडी मात्र १२० च्या खाली येईना. ताप उतरला की हृदयाचा वेगही उतरायला पाहिजे. नाही उतरला तर अंगातलं पाणी कमी पडलंय, ऑक्सिजन घटतोय किंवा हृदयालाच त्रास होतोय, असा संशय धरावा लागतो. दवाखान्यात म्हणाले, ‘ताप नाही ना, घरी न्या.’ मी हललो नाही. शेवटी बोटाला मशीन लावलं, ऑक्सिजन ८८! त्या दिवशी तुमच्यासारखं कोणी शेजारी असतं, तर मायचं काय झालं असतं बाप्पा?

आणि बीपीच्या सगळ्याच गोळ्यांनी नाडी वाढायची थांबत नाही, ठोके मंद करणाऱ्या अटेनोलॉलसारख्यांनी थांबते. टीका करताना तरी नीट लिहावं माणसानं. कोविडच्या मंद नाडीचं पुढे कधी पाहू, आता सोयाबीन काढायचंय.

लेखातली डिग्री आज सकाळी दुरुस्त केली. तुमची प्रतिक्रिया मात्र काढलेली नाही. राहू द्या, लोकांना दिसू द्या.