ड्रोन उडवायचाय, रॉकेट नाही!
परत तेच! बॅटऱ्या फुल्ल, वारा नाही, उजेड एकदम मस्त, आणि ॲप म्हणतंय आधी अपडेट करा, मग कंपास कॅलिब्रेट करा, मग कुठे उडवायचं, कुठे नाही त्या झोनचा नकाशा डाउनलोड करा, तोवर सूर्य बुडाला की. नियम नकोत असं नाही हो, २०१८ च्या डिसेंबरात ड्रोन दिसल्याच्या खबरीवरून लंडनचा गॅटविक विमानतळ बंद ठेवावा लागला होता, माहितीये मला. बऱ्याच देशांत आहे तसं १२० मीटरच्या खाली उडवा, नजरेसमोर ठेवा, सगळं मान्य. पण फॉर्म, ओटीपी, परवानग्या सगळं पाळणाऱ्याच्याच बोकांडी, आणि बंदीच्या जागी उडू न देणारं ड्रोनमधलं लॉक तोडून गर्दीच्या डोक्यावरून घिरट्या घालणाऱ्याला विचारतंय कोण? माझं २४९ ग्रॅमचं खेळणं मात्र जमिनीवर बसून बीप बीप करतंय.