फ्लेक्समधला उजवा खिसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पुण्यात नळ स्टॉपजवळ लागलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्समधल्या फोटोंच्या मांडणीचा अर्थ लावणारा लेख मी लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. "रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर फोटो येतात, सकाळी सहाला फ्लेक्स लागलेला हवा असतो. विचार करायला वेळ कुणाला? तुम्ही अर्थ काढत बसता, तोही फ्रेंच माणसाचा चष्मा लावून." अप्पा बळवंत चौकात वीस वर्षं डिझायनिंग केलेला माणूस असं म्हणतो म्हटल्यावर उत्तर देणं भाग आहे.

आधी कबुली. उत्सवमूर्ती डावीकडे बघतायत, म्हणजे जुन्याकडे, असा अख्खा परिच्छेद मी पाडला होता. चित्रात डावीकडे ठाऊक असलेलं आणि उजवीकडे नवं असतं, हे चित्रांचं 'व्याकरण' मांडणाऱ्या क्रेस आणि व्हॅन ल्यूवेन या अभ्यासकांनी १९९६मध्ये मांडलेलं सूत्र मी सरळ चिकटवलं. तुम्ही ते एका ओळीत उडवलंत : "फोटो फ्लिप केलाय हो, आरशातल्यासारखा उलटा. शर्टाचा खिसा बघा." मोबाइलमधला फोटो मोठा करून बघितला. एरवी डावीकडे असणारा खिसा उजव्या छातीवर, घड्याळही उजव्या मनगटात. परिच्छेद रद्द.

पण फ्लिप का करतात, तेही तुम्हीच लिहिलंय. उजव्या कडेचा माणूस बाहेर बघत असला की गिऱ्हाईक म्हणतं, "साहेबांकडे पाठ केल्यासारखं दिसतंय." अहो, मग मी दुसरं काय म्हणत होतो? पाठ फिरवणं म्हणजे अनादर, हे फोटोत कुठे लिहिलेलं नाही. ते गिऱ्हाइकाला, तुम्हाला आणि सिग्नलला थांबलेल्या दुचाकीवाल्याला आधीच ठाऊक आहे. डिझायनरच्या डोक्यात काय होतं हे मी शोधतच नव्हतो, सगळ्यांना न सांगता कळणारा नियम शोधत होतो. 'मी गेला' ऐकलं की कानाला खटकतं, त्यासाठी कुणी व्याकरण उघडून बसत नाही.

मी 'मनाला येईल तो अर्थ' काढतो, हा तुमचा आरोप मात्र गंभीर आहे. त्यावर एक साधा उपाय भाषाशास्त्रातून चित्रांकडे आला : एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि अर्थ हलतो का ते बघायचं. मागचे सोनेरी किरण काढून ठिपके टाकले तर कुणी हूं की चूं करणार नाही. तेव्हा किरणांवर मी जे पाल्हाळ लावलं तेही फुकट. पण शुभेच्छुकांचे फोटो? तुमचाच किस्सा बघा. दुसऱ्या ओळीतला भाऊ चुकून पहिल्या ओळीत गेला आणि दहा बाय वीसचा फ्लेक्स तुम्हाला पदरमोड करून परत छापावा लागला. चाचणी आणखी कशी करायची?

आता फ्रेंच चष्मा. चिन्हांचा अर्थ लावणारा फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यानं १९६४मध्ये पांझानी पास्त्याची जाहिरात वाचली. जाळीची पिशवी, तिच्यातून डोकावणारे टोमॅटो, ढबू मिरची आणि लाल-हिरवा-पिवळा रंगमेळ. त्यातून 'इटालियनपणा' जाणवतो म्हणाला, आणि लगेच हेही म्हणाला की हा इटालियनपणा फ्रेंच माणसाला दिसतो, खुद्द इटालियनाला फारसा जाणवणार नाही. म्हणजे अर्थ बघणाऱ्याच्या गावात मुरलेला असतो, हे त्या चष्मेवाल्यानंच सांगून ठेवलंय. आपल्या फ्लेक्सवर महाराजांची प्रतिमा सगळ्यात वर का आणि तिच्याखाली नेत्यांचे गोल फोटो का, हे पॅरिसच्या माणसाला कळणार नाही. त्याला दिसतील ते फक्त पुष्कळ मिशीवाले पुरुष.

तुमचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही : एका फ्लेक्सवरून मी 'पुण्याचे फ्लेक्स' म्हणून मोकळा झालो. हे चूकच. आधी काय मोजायचं ते ठरवायला हवं होतं : कोण कुठल्या ओळीत, बायका किती, कुणाचा चेहरा कुणापेक्षा मोठा. मग शंभरेक बोर्ड मोजायचे आणि त्यानंतरच तोंड उघडायचं.

आणि इथेच तुमची मदत लागेल. गिऱ्हाइकानं दुरुस्त्या सांगितलेल्या जुन्या फायली, म्हणजे 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल शेवटचं', अजून मशीनवर आहेत का? नावं-चेहरे झाकून बघू. कुठला फोटो किती वेळा हलवायला लावला, तेवढंच टिपून घेतो. येत्या रविवारी चालेल का? चहा माझ्याकडून.