वॉर्डनच्या हेल्मेटबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई हल्ला वॉर्डनच्या (हवाई हल्ल्यांत लोकांना सावध करणाऱ्या नागरी सेवकाच्या) हेल्मेटच्या काठाला छिद्रे असल्याने आम्ही खराब माल पाठवला, त्यासोबतचे लाकडी रॅटल (हाताने फिरवून वाजवायचा खुळखुळा) त्याच काळातले असल्याचा पुरावा नाही, आणि शाळेतील नाटकासाठी मागितलेला गॅस मास्क आम्ही नाकारला, असे आपण लिहिले आहे.

हेल्मेटच्या बाबतीत आपला गैरसमज झाला आहे, पण त्याला कारण आमचेच अपुरे वर्णन आहे. सैन्यासाठीच्या कसोटीला न उतरलेल्या हेल्मेटच्या काठाला छिद्रे पाडली जात, म्हणजे ती चुकून आघाडीवरच्या सैनिकाकडे जाऊ नयेत. अशी हेल्मेटे मग वॉर्डन आणि इतर नागरी संरक्षण सेवकांना दिली जात. छिद्राची आतली कड भिंगाखाली पाहावी: काळा रंग कडेवरून आत उतरलेला दिसेल, म्हणजे छिद्र रंगकामाआधीचे आहे. मागाहून पाडलेल्या छिद्रात उघडे पोलाद दिसले असते. वॉर्डनचे आद्याक्षर असलेला पांढरा 'डब्ल्यू' (W) मात्र मागाहून पुन्हा रंगवण्याचे प्रकार सर्रास होतात, म्हणून तो आम्ही प्रत्येक वेळी वेगळा तपासतो. आपल्या हेल्मेटवरील अक्षराला खालच्या रंगासोबतच बारीक तडे गेलेले आहेत.

रॅटलबद्दल आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. विषारी वायूचा इशारा देण्यासाठी वॉर्डन रॅटल फिरवत आणि धोका टळल्यावर हातघंटा वाजवत, हे खरे. परंतु तशीच रॅटले पाखरे हाकलायला आणि फुटबॉलच्या मैदानावरही वापरली जात. आपल्याला पाठवलेल्या रॅटलवर कोणतीही खूण नसताना आम्ही त्याला 'वॉर्डनचे' म्हणायला नको होते. ही चूक माझी आहे. त्याची पूर्ण रक्कम आपल्याला परत मिळेल, परत पाठवण्याचा खर्चही आम्हीच देऊ, आणि वर्णनातून तो शब्द मी आजच काढला आहे.

गॅस मास्कच्या बाबतीत मात्र मी माझा निर्णय बदलणार नाही. युद्धकाळातील नागरी मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि इतक्या वर्षांनी त्याचे तंतू सुटून श्वासात जाण्याचा धोका असतो. ब्रिटनमधील शाळांनाही हे मास्क मुलांना घालू देऊ नयेत, अशी सूचना देण्यात आलेली आहे. मुलाच्या तोंडावर तो चढवला जाईल हे कळल्यावर मी तो विकू शकत नव्हतो. आपल्याला हे कारण न सांगता केवळ 'विक्रीस नाही' असे तुटक उत्तर गेले, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. नाटकासाठी पुठ्ठ्याची मास्कपेटी चालणार असेल, तर रिकामी पेटी आपल्याला पाठवता येईल. त्या काळी मुले अशा पेटीत मास्क ठेवून ती खांद्याला अडकवून शाळेत नेत असत.