डिस्टिलरीतली जुनी सीव्ह बायोगॅसला चालेल?

सांगली-साताऱ्याच्या साखरपट्ट्यात एक मेसेज फिरतोय. प्रेसमडच्या (उसाचा रस गाळून उरलेल्या मळीच्या चोथ्याच्या) बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढायला महागडं काही नको, असं त्याचं म्हणणं. झिओलाइट (सूक्ष्म पोकळ्या असलेलं सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं खनिज) ही नुसती चाळणी. इथेनॉल सुकवून जुनी झालेली डिस्टिलरीतली सीव्ह, म्हणजे झिओलाइटचे दाणे, भरा, आतला धातू कुठला का असेना. तीही नसेल तर डोंगरातले झिओलाइटचे खडे फुकटच आहेत!

आधी चाळणीचं बघू. या कामाला चालणाऱ्या 13एक्स जातीच्या झिओलाइटच्या पोकळीचं तोंड साधारण 0.74 नॅनोमीटर. कार्बन डायऑक्साइडचा रेणू 0.33, मिथेनचा, म्हणजे बायोगॅसमधल्या जळणाऱ्या वायूचा, 0.38. दोघेही आरामात आत जातात, मग चाळलं काय? सांगाड्यात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आलं की एक ऋण प्रभार शिल्लक राहतो आणि तो फेडायला सोडियमचे धन आयन पोकळीत बसतात. कार्बन डायऑक्साइड एकूण तटस्थ, पण त्याची दोन्ही टोकं किंचित ऋण. एक टोक सोडियमकडे ओढलं जातं. मिथेन सगळीकडून सारखाच, त्याला ही ओढ फार कमी. म्हणजे निवड करतो तो धातूच.

आणि म्हणूनच ‘कुठला का असेना’ हे वाक्य सगळ्यात घातक. ए जातीच्या झिओलाइटचा सांगाडा एकच. सोडियम असेल तर तोंड सुमारे 0.4 नॅनोमीटर, म्हणजे 4ए. पोटॅशियम जाडा, तो तोंडातच बसतो, की झाली 3ए. डिस्टिलरीत हीच असते, कारण तिथे पाणी आत घ्यायचं आणि इथेनॉल बाहेर ठेवायचं. कार्बन डायऑक्साइडलाही तिचं दार जवळपास बंदच. कॅल्शियमचा एक आयन दोन सोडियमचं काम करतो, तोंडं मोकळी होतात: ती 5ए.

13एक्सच्या सांगाड्यातही आयन लहान तशी पकड घट्ट. लिथियम पुढे, मग सोडियम, मग पोटॅशियम. पण फार घट्ट पकडही नको, धरलेला वायू सोडवायला निर्वात पंप आणि वीज लागते. पोटॅशियमला सरसकट नावं ठेवू नका, बरं का. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की चाबाझाइट नावाच्या झिओलाइटच्या तोंडातला पोटॅशियम कार्बन डायऑक्साइड आला की बाजूला सरकतो. मिथेनला मात्र जागा देत नाही.

डोंगरातले खडे? दख्खनच्या काळ्या पाषाणातले स्टिल्बाइट, हेउलंडाइट हे बहुतेक कॅल्शियमवाले, पण पोकळ्या पाण्याने भरलेल्या. ते पाणी काढायला तापवलं की हेउलंडाइटचा सांगाडाच आकसतो. शोकेसमध्ये छान दिसतात.

पाण्याची अडचण 13एक्सलाही आहे. बायोगॅस ओलाच येतो आणि पाणी कार्बन डायऑक्साइडच्या आधी सोडियम धरून बसतं. त्यामुळे गॅसमधला घाण वासाचा हायड्रोजन सल्फाइड आधी काढून, 13एक्सच्या अलीकडे गॅस सुकवायला ती जुनी 3ए लावता येईल, अजून पाणी धरत असेल तर.