डोंबल निघतोय रोग!

"चिंता, धडधड, पॅनिक अटॅक दहा सिटिंगमध्ये कायमचे बरे. मेंदूच्या गोळ्या आजच बंद करा. सुरुवातीला त्रास वाढेल, घाबरू नका, रोग बाहेर पडतोय." अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराच्या नावाने फिरणारा हा मेसेज मी चारदा उडवला. पाचव्यांदा तो पंचवटीत मामीकडे पोचला आणि दीड वर्ष चालू असलेली चिंतेवरची एसिटालोप्रामची गोळी तिने मंगळवारी बंद केली.

शुक्रवारी गेलो तर ती जिन्याचा कठडा धरून तिसऱ्या पायरीवर बसलेली. मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं होतंय, म्हणाली. आणि वर खुशीत! "निघतोय बघ रोग."

डोंबल निघतोय. गरगर, मळमळ, चिडचिड, करंट ही गोळी एकदम तोडल्याची लक्षणं. म्हणूनच डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. क्लोनाझेपाम ही मन शांत करणारी गोळी रोज घेणाऱ्या कुणी अशी तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. मेसेजवाल्याची लबाडी बघा: बरं वाटलं तर सुईची कमाल, हाल झाले तरी सुईचीच.

मेसेजमध्ये आणखीही आहे. "गोळ्यांचं व्यसन लागतं." क्लोनाझेपामच्या जातीच्या गोळ्यांची सवय लागते, खरं आहे. एसिटालोप्राम त्या जातीची नाही.

"विज्ञानाने सिद्ध." २००७ साली 'अ‍ॅक्युपंक्चर इन मेडिसिन' या सुईवाल्यांच्याच नियतकालिकात १२ चाचण्यांचा आढावा आला होता. चिंतारोगाबद्दल निष्कर्ष आशादायक, पण ठाम बोलण्याइतका पुरावा नाही, असं तेच म्हणतात. ऑपरेशनआधीची धाकधूक कानातल्या सुयांनी कमी होते, याला त्यातल्या त्यात बरा आधार. बरं बाबा, मान्य. पण ती भीती ऑपरेशनबरोबर संपते. मामीला सीबीएस बसस्थानकावर रिकामी बस समोर उभी असली तरी चढवत नाही, त्याचं काय?

"सरकारमान्य." महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, पण सुया कुणी टोचायच्या हे ठरवणं वेगळं आणि रोग बरा होतो म्हणणं वेगळं. मेसेजच्या शेवटी सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा फोटो. ते १९३८ साली चीनला गेले ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. त्यांना कशाला मध्ये ओढता?

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. चार सिटिंगचे पैसे आधीच भरलेत म्हणून मामी सुयांनाही जातेच आहे. अर्धा तास कुणी हाक मारत नाही, शांत पडायला मिळतं, म्हणते. पडू दे. गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये आहे, मी उघडून बघितलंय.